सव्वासहाची बातमी

एकदा एक व्यापारी होता आणि त्याला झोप येत नसे. आता झोप न येणे हा काही गुन्हा नव्हे. औषध घ्यावे, शतपावली करावी, देवाचे नाव घ्यावे. या गृहस्थाने मात्र निराळाच उपाय काढला. आपण जागे आहोत तर आपली माणसेही जागीच असली पाहिजेत, असे त्याने परस्पर ठरवून टाकले.

त्याची मालवाहतुकीची मोठी पेढी होती. चाळीस गाड्या, त्यांचे चालक आणि कचेरीत वीसेक माणसे. साऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. रोज सकाळी दहाच्या बैठकीत व्यापारी तो ग्रुप उघडी आणि आदल्या रात्री सर्वांत शेवटचा निरोप कोणाचा आला, ते मोठ्याने वाची. ज्याचा निरोप शेवटचा, त्याने त्या दिवशी बैठकीत व्यापाऱ्याच्या उजव्या हाताला, लाल गादीच्या खुर्चीत बसायचे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. चांगली नातवंडे असलेली माणसे त्या खुर्चीसाठी झुरत असत, आता याला काय म्हणावे?

पण माणूस हा मोठा हिकमती प्राणी आहे. निरोप आत्ता लिहून ठेवायचा आणि तो आपण सांगू त्या वेळी आपोआप जाईल, अशी सोय त्या ग्रुपमध्ये होतीच. ती एकाला सापडली, त्याने दुसऱ्याच्या कानात सांगितली, आणि महिन्याभरात सगळी कचेरी संध्याकाळी सहाला निरोप लिहून, त्यांना रात्रीच्या वेळा लावून, घरी जाऊन खुशाल झोपू लागली. बाराला एक निरोप, बारा दहाला दुसरा, बारा वीसला तिसरा. झोपलेली माणसे एकमेकांना कामाचे निरोप धाडत होती, आणि व्यापारी एकटाच ते डोळे ताणून वाचत होता. माझी माणसे किती निष्ठावान, या विचाराने त्याला गहिवरून येई.

या कचेरीत एक शिष्या होती. शिष्या म्हणायचे कारण असे की, ती ज्या टेबलाशी बसे तिथल्या एका वृद्धाकडून ती दोन वर्षे काम शिकत होती. वाटेवरच्या चौक्यांना नि ढाब्यांना फोन लावून रस्त्यांची बातमी घ्यायची आणि ती चालकांना कळवायची, हे ते काम. कुठे पूल पाण्याखाली, कुठे दरड, कुठे मोर्चा. मुलगी हुशार होती आणि कामाला कधी मागे हटत नसे. मनात एकच इच्छा, की आपण या विभागाचे प्रमुख व्हावे. आणि व्यापाऱ्याने तर जाहीरच करून टाकले होते, की येत्या दिवाळीच्या पाडव्याला प्रमुख तोच होणार, जो लाल खुर्चीत सर्वांत जास्त दिवस बसलेला असेल.

शिष्या अकरा दिवस बसली होती. घरी जाताना ती रोज तीन निरोप लावून जाई. नऊला ‘मी कामावरच आहे’, अकराला ‘सर्व सुरळीत’, आणि बारा चाळीसला एखादी खरी बातमी. शेवटच्या निरोपात थोडा दम असला की व्यापारी तो दोनदा वाचून दाखवी, हे तिच्या ध्यानात आले होते.

वृद्धाची तऱ्हा वेगळी. तीस वर्षे त्याने हेच काम केले होते. संध्याकाळ झाली की तो चष्मा पुसून निरोप लिहायला बसे आणि त्यांना वेळा लावी. पण त्या वेळा सकाळी आठ, सव्वानऊ, दुपारी दोन अशा काहीतरी असत. मग सहाला पाच कमी असताना ग्रुपवर ‘माझे काम झाले, निघतो’ एवढे लिहून तो पिशवी उचली. लाल खुर्चीत तो एकदाही बसला नव्हता.

“नाना, हा सव्वानऊचा कशाला?” शिष्येने एकदा त्याला विचारले.

“इब्राहिम सव्वानऊला गाडी बाजूला घेऊन न्याहारी करतो. तेव्हा वाचेल. चालत्या गाडीत वाचायला लावू का त्याला?”

“आणि शेटजींना काय दिसणार?”

“शेटजी कुठे गाडी चालवतात?” वृद्ध म्हणाला आणि निघून गेला. नाना आता थकले, असे शिष्येला वाटले. बिचारीला त्यांची कीवही आली.

भाद्रपदातली गोष्ट. संध्याकाळी सव्वासहाला चौकीवरून फोन आला, की खालच्या घाटात दरड कोसळते आहे, रस्ता बंद केला आहे, गाड्या वरच्या रस्त्याने धाडा. वृद्ध तेव्हा निघून गेला होता. शिष्येने तक्ता पाहिला. घाटाकडे जाणारी एकच गाडी होती, सर्जेराव नावाच्या चालकाची. फुलांची गाडी, निघायची वेळ रात्री एक. म्हणजे बारा चाळीसला कळले तरी वीस मिनिटे हातात राहतात. आणि अशी जबर बातमी काही रोज मिळत नाही. तिने निरोप लिहिला, त्याला बारा चाळीसची वेळ लावली आणि ती घरी गेली.

आता यात तिने हिशेब चुकवला तो एकाच गोष्टीचा. गाडी भरली की निघायचे, ही त्या चालकांची जुनी रीत होती. तक्त्यावरची वेळ कचेरीच्या समाधानापुरती. त्या दिवशी फुले लवकर आली आणि साडेआठलाच गाडी भरली. सर्जेरावने ग्रुपवर विचारले, ‘घाट मोकळा आहे का?’ शिष्या तेव्हा जेवत होती, फोन दुसऱ्या खोलीत पडला होता. इतरांचेही तसेच. उत्तर कोणाचेच आले नाही. मग नऊ वाजले आणि ग्रुपवर शिष्येचा निरोप उमटला, ‘मी कामावरच आहे.’

सर्जेरावला वाटले, रस्त्याच्या ताई जाग्या आहेत, आपला प्रश्न त्यांच्यासमोर आहे, काही वावगे असते तर बोलल्या असत्या. त्याने गाडी काढली. घाटात एक दगड समोरची काच फोडून आत आला. सर्जेरावच्या भुवईवर सात टाके पडले. गाडी सकाळपर्यंत तिथेच अडकली आणि फुलांचा चिखल झाला.

शिष्येला हे सकाळी साडेनऊला कळले. ती वृद्धाकडे गेली आणि त्याला तिने सगळे सांगितले, काही लपवले नाही. वृद्ध चहा पीत होता. त्याने तो सावकाश संपवला, कप विसळून ठेवला आणि विचारले, “दहा वाजले का?”

“वाजतील आता. नाना, मी काय करू?”

वृद्ध उठला, बैठकीच्या खोलीत गेला आणि थेट लाल गादीच्या खुर्चीत जाऊन बसला.

माणसे जमू लागली. जो येई तो खुर्चीकडे पाही आणि दचके. कोणाला वाटले, म्हाताऱ्याला भोवळबिवळ आली असेल. शिष्येलाही काही उमजेना. एवढ्या मोठ्या संकटात यांना खुर्ची सुचते कशी, या विचाराने तिला त्यांचा रागच आला.

व्यापारी आला. त्याचे डोळे नेहमीसारखे तांबारलेले होते.

“सर्जेरावला काढून टाका,” बसायच्या आधीच तो म्हणाला. “वेळेआधी निघाला आणि निरोप वाचला नाही. या मुलीने बारा चाळीसपर्यंत जागून घाटाची बातमी दिली होती. याला म्हणतात काम. ये पोरी, आज खुर्ची तुझी.” मग त्याचे खुर्चीकडे लक्ष गेले. “नाना, चुकून बसलात का? उठा. काल तुमचा शेवटचा निरोप सहाला पाच कमी असतानाचा होता.”

“होय. म्हणूनच बसलो.”

“म्हणजे?”

“ही खुर्ची शेवटपर्यंत कामावर असलेल्याची ना, शेट? मग आजवर हिच्यावर बसलेला एक तरी माणूस त्या वेळी कामावर होता का, विचारा या सगळ्यांना. संध्याकाळी लिहायचं आणि रात्रीची वेळ लावून झोपायचं. ग्रुपवरच्या कचेरीच्या निरोपांत ज्याची वेळ खरी आहे, असा तो सहाला पाच कमीचा एकच. माझ्याही निरोपांत खऱ्या वेळेचा तेवढाच एक. म्हटलं, मान आपलाच आहे, घ्यावा.”

कचेरीतली वीस माणसे आपापल्या चपलांकडे पाहू लागली. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

“निरोपाला उद्याची वेळ लावणं वाईट नाही,” वृद्ध पुढे म्हणाला. आता तो व्यापाऱ्याकडे पाहत नव्हता. “मीही लावतो. निरोप ज्याला वाचायचा आहे, त्याची झोप, त्याचं जेवण, त्याची चालती गाडी बघून थांबवला, तर ती माया आहे. स्वतःचं नाव वर दिसावं म्हणून थांबवला, तर ती त्या माणसाच्या वेळेची चोरी. आणि जे थांबवून चालतच नाही, ते लिहायचं कशाला? फोन उचलायचा, नाहीतर उठून चालत जायचं. एवढंच मला तीस वर्षांत कळलं. ते मी नीट शिकवलं नाही, हा दोष माझा.”

त्याने तिचे नाव घेतले नव्हते. शिष्येच्या ध्यानात आले, की नाना घेणारही नाहीत. गप्प राहिले तर खुर्ची आपली, पाडवा आपला, आणि सर्जेराव घरी बसेल. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की नंतर भीतीला जागाच उरली नाही.

“शेटजी, मला बातमी सव्वासहाला कळली होती,” ती म्हणाली. “बारा चाळीसची वेळ मी लावली, खुर्चीसाठी. सर्जेरावांनी साडेआठला विचारलं होतं, ग्रुपवर आहे, बघा. आणि नऊला मी कामावर नव्हते, जेवून पडले होते. त्यांची चूक काहीच नाही.”

“अस्सं. मग काढायचं कोणाला?”

“मला काढा. पण सर्जेरावांना हात लावायचा नाही. लावलात तर हे सगळं मी चाळीस चालकांना एकेकाला फोन करून सांगेन.”

“पेढी कोणाची आहे ही?”

“तुमचीच,” वृद्ध म्हणाला. “दहा ते सहा आम्हीही तुमचे. सहानंतर आम्ही आमच्या घरचे.”

“आणि रात्री मी काही विचारलं तर उत्तर कोण देणार?”

“रात्रपाळीची माणसं नेमा, ती देतील. आम्ही नाही देणार.”

व्यापाऱ्याने सभोवार पाहिले. कोणीतरी आपली री ओढील अशी त्याची अपेक्षा होती. पण हिशेबनीस, माल चढवून घेणारे, टेबलाटेबलाची माणसे, सारी मान वर करून त्याच्याकडेच पाहत होती. अशी वर केलेली वीस तोंडे त्याने त्या खोलीत कधी पाहिली नव्हती. तो “कामाला लागा” एवढे म्हणून आत निघून गेला.

सर्जेराव राहिला. शिष्याही राहिली. पाडव्याला प्रमुखपद मात्र दुसऱ्याच कोणाला मिळाले, आणि तिने ते मुकाट्याने सोसले. केलेले भोगले पाहिजे, त्यात रडण्यासारखे काही नाही. आपणही संध्याकाळी निरोपाला वेळ लावताना क्षणभर विचारावे, की ही वेळ कोणाच्या सोयीची आहे.

पण पाडवा पुढचा. त्याआधी, बैठकीनंतर आठव्या दिवशी, टाके निघाल्यावर सर्जेराव पुन्हा गाडी न्यायला कचेरीत आला. भुवईवरचा व्रण अजून ताजा होता. घडलेले सारे त्याला कळले होते. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. शिष्या उठून त्याच्यासमोर उभी राहिली. मनाशी जुळवलेली वाक्ये ऐन वेळी आठवेनात.

“सर्जेराव, माझ्यामुळे झालं हे. मला माफ करा.”

सर्जेरावने तिच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण तसे हसूही नव्हते.

“त्याचं सावकाश बघू, ताई,” तो म्हणाला. “आज घाट कसा आहे ते सांगा.”

“बंद आहे. पाच मिनिटांपूर्वी चौकीवर विचारलंय. वरच्या रस्त्यानं जा.”

सर्जेरावने मान हलवली, गाडीची किल्ली घेतली आणि तो वरच्या रस्त्याने निघाला.