निसण्यावरचा खळगा

फार पूर्वी, राजे बदलले तरी खेड्यांना त्याची वार्ता उशिरा लागे, त्या काळी एका नदीकाठच्या गावात सुभाना नावाचा न्हावी राहत होता. त्याच्या वडिलांचा हात इतका हलका, की हजामत करून घेताना माणसं पेंगत. वडील गेले आणि त्यांची धोकटी सुभानाकडे आली. तिच्यात वस्तरे होते, कात्री होती आणि वस्तऱ्यांना धार लावायचा निसणा होता. हिरवट करड्या रंगाचा, बोटांना मऊ लागणारा दगड. पणजोबांनी तो दूरच्या डोंगरातून आणला होता. तसा दुसरा मिळणं कठीण.

सुभाना त्याला जिवापाड जपे. काम झालं की धुई, पुशी, फडक्यात गुंडाळून ठेवी. वर्षं लोटली तसा त्याच्या नकळत दगडाच्या मधोमध एक खळगा पडत गेला. सुभाना त्यावरून बोट फिरवी आणि मनाशी म्हणे, वडिलांचा हात इथूनच फिरला असणार. एकदा गावात धार लावायला आलेल्या शिकलगाराने त्याला सांगितलं, की निसणा मधे खोल बसला आहे, घासून सपाट करून घे. सुभानाला ते मुळीच रुचलं नाही. वडिलांची खूण आपल्याच हाताने कशी पुसायची?

पण वस्तऱ्याला काही केल्या धार लागेना. दगड खोलगट, म्हणून पातं त्यावर नीट टेकत नसे आणि धार बोथट राही. केस ओढले जात, गालांवर ओरखडे उठत. सुभानाने लोहाराला दोष दिला, नवा वस्तरा घडवून घेतला. नव्या वस्तऱ्यानेही तेच केलं. मग त्याने स्वतःच्या हाताला दोष दिला. गावकरी तोंडावर बोलले नाहीत. ते गुपचूप शेजारच्या गावी जाऊ लागले.

एक दिवस म्हाताऱ्या मुखियाच्या हनुवटीखाली वस्तरा लागला. जखम चिघळली, ताप भरला, माणूस अंथरुणाला खिळला. सुभाना रोज त्याच्या दाराशी जाऊन बसे. मुखिया बरा झाला. त्याने एका शब्दानेही बोल लावला नाही. उलट निरोप पाठवला, की नातवाचं जावळ काढायचं आहे. आमच्या घरातलं प्रत्येक जावळ तुमच्या घराण्याने काढलं, हेही तूच काढ.

तो निरोप ऐकून सुभानाला नाही म्हणवेना आणि हो म्हणायची छाती होईना. तान्ह्या पोराची टाळू म्हणजे फुलाची पाकळी.

त्याच सुमाराला त्याची आई लेकीच्या घरून परत आली. नवरा गेल्यापासून ती तिकडेच होती आणि आता तिला दिसतही नव्हतं. सुभानाने तिला सगळं सांगितलं. तिचं मन निवेल म्हणून वडिलांचा निसणा तिच्या हातात दिला. आईने त्यावरून तळवा फिरवला आणि विचारलं,

“हा कुणाचा रे?”

“बाबांचाच, आई. त्यांच्या हाताचा खळगा लागला ना तुला?”

“त्यांच्या निसण्याला खळगा नव्हता,” आई म्हणाली. “दर अमावास्येला काम बंद ठेवून ते तो घासत बसायचे. पाणी मी घालायचे. हा खळगा तुझा आहे, बाळा.”

सुभानाने त्या खळग्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, “पण घासला तर तो संपेल गं.”

“झिजेल. त्यांच्याही हातात झिजला. पण त्यांनी तो सगळीकडून सारखा झिजवला.”

दुसऱ्या दिवशी मायलेक नदीवर गेले. आईने सांगितलं तशा सुभानाने निसण्यावर कोळशाने रेघा ओढल्या. सपाट शिळेवर बारीक वाळू पसरली, पाणी शिंपडलं आणि दगड गोल गोल घासू लागला. करडं पाणी वाहू लागलं तसं त्याला वडीलच वाहून चालल्यासारखं वाटलं. कडांच्या रेघा आधी गेल्या, मधल्या तशाच राहिल्या. तो घासत राहिला. उन्हं कलली तेव्हा मधली शेवटची रेघही पुसली गेली. मग त्याने वाळूचा कण न कण धुऊन काढला, दगडाच्या धारदार कडा घासून बोथट केल्या आणि वस्तऱ्याला धार लावायला घेतली. पातं टोकापासून टोकापर्यंत टेकून दगडावर सरसरत गेलं. तो आवाज आईने ओळखला. ती नुसती हसली.

जावळाच्या दिवशी पोर आत्याच्या मांडीवर झोपलं होतं. जावळ उतरलं तरी ते जागं झालं नाही. मुखियाने नातवाच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. मग तो स्वतःच सुभानापुढे बसला आणि व्रण असलेली हनुवटी त्याने वर केली.

त्यानंतर सुभानाने एकही अमावास्या चुकवली नाही. निसणा दर वर्षी थोडा पातळ होत गेला आणि वस्तरा कधी कुणाला लागला नाही.

तात्पर्य : वडिलांची वस्तू नुसती जपून वारसा टिकत नाही, त्यांनी तिच्यावर घेतलेली मेहनत आपणही घ्यावी लागते.