घाटात गाणारं फ्रीव्हील

घाटरस्ते नुकतेच झाले होते आणि सायकली आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. चंद्री नावाची एक धाडसी पोरगी सायकलवर टांग टाकून निघाली. डोंगरांच्या रांगा ओलांडून समुद्र गाठायचाच, असा तिने चंग बांधला होता.

पहिल्या उतारावर पायडल थांबले, चेन विसावली आणि मागच्या चाकातलं फ्रीव्हील, म्हणजे पायडल मारताना चाक पकडणारं आणि पाय थांबले की सोडणारं दातेरी चक्र, गाऊ लागलं, "टिकटिकटिकटिक!" वारा कानांत भणाणला. "वा रे पठ्ठ्या!" चंद्री ओरडली. फ्रीव्हीलला वाटलं, सायकल पळते ती आपल्याच गाण्यावर!

मग शेवटचा घाट लागला. चढ छातीवर येणारा आणि पाठीमागे खोल दरी. चेन ताणाने कण्हत म्हणाली, "फ्रीव्हीलराव, आता गप्प राहा आणि चाक घट्ट धरा!"

"गप्प? अगं, गाण्याची खरी गरज तर इथेच आहे!" असं म्हणून फ्रीव्हीलने पकड सोडली आणि जोरात तान घेतली. पायडल नुसतेच गरगरले. सायकल मागे घसरू लागली, थेट दरीकडे!

"अगं सायकलबाई, सांभाळ!" चंद्री किंचाळली.

फ्रीव्हीलने गाणं गिळलं आणि सगळे दात रोवले. चंद्री पायडलवर उभी राहिली. चाक हललं, पुढे सरकलं! माथा येईपर्यंत फ्रीव्हीलने चकार शब्द काढला नाही.

माथ्यावरून निळाशार समुद्र दिसला! चंद्रीने आनंदाने पाय थांबवले, उतार सुरू झाला. पण फ्रीव्हील गायला लाजत होतं.

चेन सैलावली आणि हसून म्हणाली, "अहो, आता गा की! आता ऐकायला आम्ही मोकळे आहोत."