रेघेतलं शेवाळ

ग्रीक लोकांच्या एका बंदरात एकदा असं झालं, की पाणी वर्षागणिक उथळ होऊ लागलं. जहाजं तळाला घासू लागली. देव कोपला आहे, तो समुद्र मागे घेतो आहे, असं पुजारी सांगत आणि दरवर्षी एक बैल बळी जाई. त्या गावातला, मुलांना शिकवणारा एक वृद्ध मात्र म्हणे, यात कोप वगैरे काही नाही, उन्हाने समुद्र आटतो आहे. असं बोलणारा तो पहिलाच, त्यामुळे तीस वर्षं त्याने टवाळी सोसली. दरवर्षी ठरलेल्या दिवशी तो शिशाचं वजन बांधलेली दोरी बंदरात सोडी आणि जिथवर भिजे तिथे गाठ मारी. गाठ दरवर्षी शिशाच्या थोडी जवळ येई.

आता त्याचे गुडघे गेले होते. शिकवून शिकवून माणूस किती थकतो, हे शिकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. मरण्याआधी त्याला एक पडताळणी हवी होती. तीस वर्षांपूर्वी बंदराबाहेरच्या खडकावर त्याने पाण्याच्या पातळीला एक रेघ कोरली होती. पुढे दोरीचीच सवय झाली आणि रेघ बघायची राहून गेली. पाणी आता तिच्या किती खाली गेलं, हे बघायला त्याने आपल्या आवडत्या शिष्याला पाठवलं.

शिष्य होडी घेऊन गेला. समुद्र शांत होता आणि पाणी बरोबर रेघेला टेकलेलं होतं. तो बराच वेळ तिथेच बसून राहिला. म्हाताऱ्याचं सारं आयुष्य त्या रेघेवर अवलंबून होतं, आणि याचा म्हाताऱ्यावर जीव होता. परत येऊन त्याने सांगितलं, की पाणी हातभर खाली गेलं आहे.

वृद्धाने मान डोलावली. मग सहज विचारलं, "रेघ हाताला कशी लागली?"

"बुळबुळीत. शेवाळ होतं तिच्यात." एवढं तरी खरं बोलता आलं, याचं शिष्याला बरं वाटलं.

वृद्धाने दोरी जवळ ओढून घेतली. पाण्याच्या हातभर वर, उन्हात तापणाऱ्या रेघेत ओलं शेवाळ कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि त्यांच्यादेखत दोरीच्या गाठी सोडायला बसला. कुणाला काही कळेना. शेवटी तो आवडता शिष्य पुढे झाला, त्याने वृद्धाचा हात धरला आणि रडत रडत खरं काय ते सांगून टाकलं.

"मला ते कालच कळलं," वृद्ध म्हणाला. "मी चुकलो, याचं दुःख आहेच. तीस वर्षं थोडी नव्हेत, बाळा. पण पुजारी चुकतात म्हणून काही मी त्यांच्याशी भांडलो नाही. त्यांचं म्हणणं कुणी तपासायचं नसतं, म्हणून भांडलो. काल तू माझ्यावर दया केलीस आणि मला त्यांच्याच रांगेत नेऊन बसवलंस."

शिष्याची मान खाली गेली. वृद्धाने विचारलं, की मग बंदर उथळ का होतं आहे? शिष्य चाचरत म्हणाला, तळ कसा आहे ते कळावं म्हणून शिशाला आपण चरबी लावतो, तिला दरवेळी बंदरात उतरणाऱ्या नदीचा गाळ चिकटून येतो. समुद्र उतरत नसेल, तळच वर येत असेल.

"असेल," वृद्ध म्हणाला. मोकळी झालेली दोरी त्याने शिष्याच्या हातात दिली. "पण तूही चुकत असशील. तुझ्यावर जीव असलेल्या कुणाला बघायला पाठवू नकोस."

आपणही आपल्या थोरांना, पाणी हातभर खाली गेलं, असंच सांगत आलो आहोत.