दोन पंखे आणि आबांचा पावा

लोक कॉम्प्युटर घरीच जुळवत, त्या काळातली ही गोष्ट. शेवंताला स्वतः जुळवलेल्या कॉम्प्युटरवर आबांचा पावा ध्वनिमुद्रित करायचा होता, म्हणून कॉम्प्युटर गार ठेवायला तिने दोन छोटे पंखे आणले. कॉम्प्युटरच्या पेटीत जागा एकाचीच होती, तेव्हा दोन्ही लावून बघायचे आणि बरा तो ठेवायचा.

"दादा, तुम्ही फिरता की पेंगता?" धाकट्या पंख्याने थोरल्याला चिडवलं.

"वारा पोचला म्हणजे झालं रे," रुंद पात्यांचा थोरला म्हणाला.

शेवंताने आधी धाकटा लावला. पेटी गार राहिली, पण मुद्रणात पाव्यापेक्षा घरघरच जास्त आली. मग थोरला लावला. पेटी तेवढीच गार राहिली आणि आबांचा श्वाससुद्धा ऐकू आला.

"पोरी, पंखा लावायचा राहिला वाटतं," आबा म्हणाले.

"फिरतोय की, आबा."

थोरल्याला हसू आवरेना, पण तेही त्याने आवाज न करता हसून घेतलं.