राजाने उपटलेला आघाडा

ठाऊक सगळ्यांना असतं. बोलायची वेळ आली की मात्र कुणाचा पदर सरकतो, कुणाच्या घशात खवखवतं, कुणाला छतावरची नक्षी बघायची असते. नावं कशाला घ्यायची? पडा नीट, पाय पांघरुणात घ्या.

तर एक होता राजा. त्याची होती बाग. बागेत निंदायला यायची येसू, आणि तिच्या मागे मागे तिची लेक मैनू. कुंपणाशी आघाडा वाढायचा. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही, तरी वाढायचा. उंच दांडा, आणि त्याला खाली तोंड करून बसलेले टोकदार दाणे. जवळून गेलं की कपड्याला चिकटलेच.

येसू सगळं तण काढायची, पण आघाड्याला खुरपं लावायची नाही. हिरड्या सुजल्या की त्याच्या काडीने दात घासायचे. खोकला झाला की त्याची राख मधातून चाटायची. विंचू चावला की मूळ उगाळून लावायचं. हे काही येसूचं गुपित नव्हतं, बरं का. साऱ्या गावाला ठाऊक होतं. आणि श्रावणातल्या शुक्रवारी घरोघरच्या आया मुलांसाठी आयुष्य मागायच्या, तेव्हा जिवतीला माळ घालायच्या ती आघाड्याची आणि दूर्वांची.

मग एकदा काय झालं, शेजारचा राजा पाहुणा आला. दोघे बागेत फिरले. फिरून आले तर आपल्या राजाच्या जरीच्या शेल्याला दाणेच दाणे.

पाहुणा म्हणाला, "तुमच्या बागेला तुमचा शेला फारच आवडलेला दिसतो."

झालं. पाहुणा गेला आणि राजाने दरबार भरवला. "आघाडा उपटा. बागेतला उपटा, गल्लीतला उपटा, नदीकाठचा उपटा. रोपटं दिसता कामा नये."

बागेतून बोलावून आणलेली येसू खुरपं हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "महाराज, श्रावणात जिवतीला माळ कशाची घालायची?"

"सोन्याच्या पानांची घाला."

"ज्यांच्याकडे सोनं नाही त्यांनी?"

राजा शेल्यावरचे दाणे काढत बसला. येसूने दरबारच्या वैद्यबुवांकडे पाहिलं. वैद्यबुवा छताकडे बघत होते. मग तिने राजाच्या आईकडे पाहिलं. दर श्रावणात आईसाहेब राजासाठी माळ गुंफायच्या, आणि त्यांना आघाडा खुडून द्यायची येसूच.

"आईसाहेब, तुम्ही तरी सांगा."

आईसाहेबांनी पदर सारखा केला.

मग राजा म्हणाला, "जिला आघाड्याचा एवढा लळा, तिने राज्याबाहेर जावं. लेक इथेच राहील. निंदायला कुणीतरी हवंच."

येसूने मैनूला पोटाशी धरलं. शिपायांनी सोडवलं. सगळा गाव ओट्यांवर उभा होता, आणि येसू एकटी वेशीबाहेर गेली. हद्दीपलीकडे एका टेकाडावर तिने झोपडी बांधली. लुगडं झटकलं, तर काठाला चिकटलेले दाणे खाली पडले. तिने त्यांच्यावर पायाने माती सारली. रोज उठून ती गावाच्या दिशेला बघायची.

मग पाऊस आला, दाणे उगवले. श्रावण आला. शुक्रवारी येसूने माळ केली, जिवतीला घातली. पण ओवाळायचं कुणाला? लेकरू दूर असलं की आई चारी दिशांना अक्षता टाकते. येसूने चारही अक्षता एकाच दिशेला टाकल्या. मैनू कुठे आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

इकडे राज्यात काय चाललं होतं? आधी लोकांच्या हिरड्या सुजल्या. लोक गाल धरून वाड्याखाली उभे राहिले. राजा म्हणाला, "मऊ खा." मग म्हाताऱ्यांचा खोकला सुरू झाला. राजाने खिडक्या लावून घेतल्या. मग राजपुत्राला विंचू चावला, आणि तेव्हा मात्र राजाला ऐकू आलं.

पोर तडफडत होतं. वैद्यबुवांनी खल पुढे ओढला आणि हात जोडले.

"मूळ लागतं, महाराज. आघाड्याचं."

"मग आणा की."

वैद्यबुवा पुन्हा छताकडे बघू लागले.

तेव्हा आईसाहेब उठल्या. म्हणाल्या, "येसूकडे असेल." इतके महिने पोटात ठेवलेलं एवढंसं वाक्य, बघा.

घोडेस्वार टेकाडावर गेला. येसूने मूळ खणलं, धुतलं, पदरात बांधलं. "मी येते. पण परत येताना माझी मैनू माझ्याबरोबर असेल. आधी तसा शब्द द्या."

घोडेस्वाराने शब्द दिला. येसू वाड्यात आली, मूळ उगाळलं, लेप लावला. पोर हळूहळू शांत झालं, झोपी गेलं. येसूने मैनूचा हात धरला. मैनूच्या तळव्याला खुरप्याचे घट्टे पडले होते. राजा म्हणाला, "काय हवं ते माग." येसू म्हणाली, "माझं होतं ते घेतलंय," आणि लेकीला घेऊन निघाली.

आता तुम्हाला वाटेल, राजा शहाणा झाला. झाला ना. त्याने येसूच्या टेकाडावरून रोपं आणवली. बागेत मधोमध लावली, भोवती चांदीचं कुंपण घातलं. आघाड्याला नवं नाव दिलं, राजमंजिरी. दवंडी पिटली की ही औषधी महाराजांनी शोधली. दाणा बाहेर नेईल त्याला चोराची शिक्षा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैद्यबुवांनी सगळ्यात जोरात.

येसू आणि मैनू टेकाडावर सुखाने राहिल्या. त्यांच्या दाराशी आघाडा कुणालाही फुकट मिळायचा. राजपुत्र मोठा झाला, राजाही त्याच्या परीने सुखात राहिला. संपली गोष्ट. मिटा डोळे, कूस बदला.

काय म्हणता, चोर सापडला का? दवंडीनंतर वर्षभराने राजाने बागेच्या भिवा पहारेकऱ्याला हेच विचारलं. राजा नुकताच बागेतून फिरून येत होता.

भिवा म्हणाला, "एकच सापडलाय, महाराज. शेला जरा पुढे घेऊन बघा."