वर उचललेली तलवार

“म्हणजे लढाई काढून टाकली ते बरोबरच केलं ना, आबा?”

भिकाजी आबा देवळाच्या सभामंडपात बसून मुकुटाला बेगड चिकटवत होते. दशावतारात चाळीस वर्षं राक्षस होऊन मरत आलेला माणूस. सही करता येत नाही, अंगठा उठवतो.

समोर उदयन बसला होता. पुण्याचा लेखक, पण आजोळ इथलंच. त्याची पहिली सात पुस्तकं एस.टी. स्टँडवर खपली होती. पानापानावर अग्निबाण आणि मारामाऱ्या. आता त्याला त्यांची लाज वाटायची. चार वर्षं खपून त्याने मंगळावरच्या वसाहतीची मोठी कादंबरी लिहिली होती, आणि तीत एक चापटसुद्धा नव्हती.

प्रकाशकाने निरोप धाडला होता. सोमवारपर्यंत लढाया घाला, नाहीतर बाड परत न्या.

“लोकांना नुसतं गोष्टीत पळून जायचं असतं, आबा. मी पळू देणार नाही. विचार करायला लावीन.”

“बरां,” आबा म्हणाले. “गोष्ट सांग.”

“वसाहतीतली हवा संपत येते. हवा सोडणाऱ्या झडपेवर दोघे भाऊ पहाऱ्याला. थोरला म्हणतो, अर्ध्या वस्तीची हवा तोडू, उरलेले तरी जगतील. धाकटा आडवा येतो.”

“मगे?”

“मग दहा वर्षांनंतर. धाकटा खिडकीत एकटा बसून चिंतन करतो.”

“आणि थोरलो?”

“मेला.”

“कोणी मारल्यान?”

“धाकट्यानेच. पण ते दाखवलं नाही. ते आता माझ्याच्याने होत नाही… म्हणजे, मी ते करत नाही.”

आबांनी बोटांवरची खळ धोतराला पुसली. मग पेटाऱ्यातून दोन लाकडी तलवारी काढल्या, एक त्याच्या हातात दिली.

“मी थोरलो. मार माका.”

उदयन हसला. “संवाद काय आहेत?”

“आमच्यात लिवलेले नसतत. तोंडात येतत ते.”

कोपऱ्यात आडव्या झालेल्या परब मृदंगवाल्याने एक डोळा उघडला. “आबानू, दुपारच्यालाच मरतास?” म्हणत त्याने उठून थाप दिली.

आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा गर्रकन फिरला.

एक वार, दुसरा वार. सभामंडप दणाणला. उदयनचा चष्मा घसरला, दम लागला, तरी तो हसत होता. लहानपणी असाच हसायचा. पुढच्या गिरकीला आबांची मान त्याला मोकळी सापडली. त्याने तलवार उचलली.

आबांनी आपली तलवार खाली केली. वर पाहिलं. आवाज राक्षसाचा नव्हता.

“धाकल्या… तुझ्याकडे हवा उरली हा मां रे?”

मृदंग थांबला.

उदयनचा हात वरच राहिला. हसू कुठे गेलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. मारावं तर समोर भाऊ. न मारावं तर मागे अर्धी वस्ती.

चार वर्षांत हा प्रश्न त्याने थोरल्याला एकदाही विचारू दिला नव्हता.

“आबा…” तो कसाबसा म्हणाला, “आता मी काय करू?”

“माका कित्याक इचारतस? वाचणारे लोक समोर बसलेले आसत. तलवार वर आसा.”