एका पैशाची चकाकी

स्वस्त म्हटलं की देवसाळचे महाराज रणधीरराव नाक मुरडायचे. आंबासुद्धा महाग पडला तरच त्यांना गोड लागायचा! अशा राजाला खरेदीचे कारभारी त्र्यंबकपंत लाभले होते, म्हणजे दोघांचीही सोय झाली होती.

महाराजांच्या नातवाचं बारसं चार दिवसांवर आलं. भिवा कातारी लाकूड गरगर फिरवणाऱ्या चरकावर कातलेला खुळखुळा घेऊन दरबारात आला. पंतांनी लगेच विलायती मसाल्याचा डबा पुढे केला. एका डब्याच्या किमतीत दुभती म्हैस आली असती!

"खुळखुळा या मसाल्यानं घोटायचा," पंत म्हणाले. "राजघराण्याला शोभेल अशी चकाकी दुसऱ्या कशानं येतच नाही!"

भिवा साधा माणूस. खरं बोलायची वाईट खोड होती त्याला. "एवढा खर्च कशापायी, महाराज? पैशाभराच्या सामानात बी येती की चकाकी."

झालं! राजाच्या तोंडावर स्वस्ताचं नाव काढलं!

"एका पैशात?" महाराज गरजले. "मग घोट दुसरा खुळखुळा! पंतांच्या खुळखुळ्यापेक्षा सरस नसला, तर तुझा चरक मुदपाकखान्याच्या चुलीत घालीन!"

चरक भिवाच्या आज्याचा होता. त्यावरच घर चालायचं. भिवा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला.

"बाबा, रडायला चार दिस कशाला वाया घालवायचं?" त्याची लेक बायजा म्हणाली. "तुमी चरक फिरवा, मी घोटती."

तिनं आधी एका उरलेल्या तुकड्याला विटेची भुकटी लावून बघितली. कुड्याचं पांढरंशुभ्र लाकूड लालसर झालं. मग दुसऱ्या तुकड्याला चुलीतली राख लावली. लाकूड असं काळवंडलं, की जणू सुतकात आलंय. मग तिनं चरकाखाली पडलेल्या त्याच लाकडाच्या ढलप्या मूठभर उचलल्या आणि फिरत्या खुळखुळ्यावर दाबून धरल्या. लाकूड गुळगुळीत झालं. वरून पैशाभराचं मधमाशीचं मेण लावलं आणि सुती चिंधीनं घोटलं. अर्धं मेण उरलंसुद्धा!

बारशाच्या सकाळी दोन्ही खुळखुळे चांदीच्या तबकात ठेवले. महाराजांनी डावा बघितला, उजवा बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. दोन्हींत त्यांच्या मिशा सारख्याच दिसत होत्या.

"यातला महाग कोणता?" त्यांनी विचारलं.

"उजवा, महाराज!" पंत म्हणाले.

"तोच सरस! मला बघताक्षणी कळलं होतं."

"काय ही पारख!" पंतांना गहिवरून आलं. भिवानं मात्र मनातल्या मनात चरकाला रामराम ठोकला.

तेवढ्यात बायजा पुढे झाली. "महाराज, एक रिवाज राहिलाय."

"कसला रिवाज?"

"राजघराण्यातल्या कुणाच्या तोंडात जाणारा जिन्नस आणणाऱ्यानं आधी चाखायचा. वाड्याचाच नेम हाय ना?"

पंत खो खो हसले. "अगं पोरी, खुळखुळा काय लाडू आहे?"

"पंत, तुमी तान्हं बाळ कधी बघितलंय का? खुळखुळा कानाशी एकदा वाजवतं आन् दिवसभर तोंडात चघळतं!"

बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या, "खरंय पोरीचं!"

बायजानं आपला खुळखुळा उचलला आणि सगळ्यांसमोर खुशाल चोखला. "आता पंत!"

पंतांनी हात मागे घेतला. "माझा आज उपास आहे, महाराज."

"सकाळी जिलेबी उपासाची होती वाटतं?" महाराज म्हणाले. "चाटा!"

पंतांनी खुळखुळा ओठांजवळ नेला, डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि धाडकन महाराजांच्या पायांवर पडले. "माफी असावी! तो मसाला पितळी समया घासायचा आहे! पोटात गेला तर वैद्य बोलवावा लागेल!"

महाराजांना हळूहळू काहीतरी आठवलं. "पंत, गेल्या दसऱ्याला माझ्या हुक्क्याची लाकडी नळी कशानं घोटली होती?"

"त्यानंच… महाराज."

"तरीच! वर्षभर तंबाखूला समईची चव येतेय, आणि मी म्हणतोय, महागाचा तंबाखू असाच लागत असेल!"

बोलता बोलता महाराजांनाच हसू फुटलं. हसता हसता फेटा सुटला, राणीसाहेब हसल्या, भालदारही हसले. पंतही हसायला लागले होते, पण महाराजांनी बघितल्यावर थांबले.

महाराजांनी बायजाचा खुळखुळा स्वतः चोखून बघितला. "मधाचा वास येतोय! बोल पोरी, काय देऊ?"

"मला नगं काही, महाराज. उलट हे घ्या." तिनं पदराची गाठ सोडून मेणाचा खडा पुढे केला. "अर्ध्या पैशाचं मेण उरलंय. हुक्क्याच्या नळीला पुरंल."

महाराज पुन्हा पोट धरून हसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं बायजाला दिलं आणि वाड्याचं सगळं कातकाम भिवाला. पंतांकडे मसाल्याचे अकरा डबे शिल्लक होते. तेही महाराजांनी वाया जाऊ दिले नाहीत. वाड्यातल्या तीनशे समया त्याच दुपारी पंतांच्या पुढ्यात मांडल्या!